थंडीच्या दिवसांत राखणदारांची राखण

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो, उसाच्या पहिल्या गाड्या कारखान्याच्या वाटेला लागतात आणि एका रात्रीत उत्तरेचा वारा सुटतो. घरातील कर्ती बाई माळ्यावरच्या गोधड्या काढून उन्हात टाकते. गोठ्याच्या खिडक्यांना पोती लागतात. वासराच्या अंगावर झूल पडते. कोंबड्यांच्या खुराड्यावरही कोणीतरी ताडपत्री ओढते. राहतात ती दोनच जनावरे. एक खळ्यावर साखळीला बांधलेले आणि दुसरे चुलीच्या उबेला अंग मुडपून बसलेले. त्यांच्याविषयी विचारावे तर उत्तर ठरलेले असते, "त्यांना काय होतंय? अंगावर केस आहेत की!"

शेतकरी बंधू-भगिनींनो, गेली अठ्ठावीस वर्षे विस्तार कार्याच्या निमित्ताने मी नाशिक विभागातील वस्त्यांवर फिरतो आहे. मी शेतकीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. रोगाचे निदान आणि औषधाची मात्रा हा पशुवैद्यकाचा अधिकार आहे आणि त्यात मी हात घालणार नाही. पण कुत्र्या-मांजरांना थंडीत जे भोगावे लागते, त्यातले बरेचसे दवाखान्यापर्यंत जाण्याआधीच, घरच्या घरी आणि जवळजवळ फुकटात टाळता येते. तेवढ्यापुरते चार शब्द.

गाय किती दूध देते हे आपण मापाने सांगतो. कुत्र्या-मांजरांचे काम मात्र न घडलेल्या गोष्टींत असते. जी शेळी चोरीला गेली नाही आणि जे धान्य उंदराने खाल्ले नाही, त्याचा हिशेब कोण ठेवतो? मांजर मेल्यावर महिन्याभरात कणगीच्या तळाशी उंदरांनी काढलेला भुसा दिसू लागतो, तेव्हा तो हिशेब आपोआप कळतो.

केस आहेत, पण कोणते?

केसांमुळे ऊब मिळते ती केसांत अडकलेल्या कोरड्या हवेमुळे. केस दवाने भिजले, चिखलाने चिकटले, की ती हवा निघून जाते आणि अंगावर ओले फडके गुंडाळल्यासारखी जनावराची गत होते. शिवाय आपल्या पठारावरची बहुतेक गावठी कुत्री आखूड केसांची असतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर भागातील कारवानी कुत्रे पाहा. उंच पाय, आत गेलेले पोट, पातळ कातडी, अंगावर चरबीचा लवलेश नाही. ते पळण्यासाठी घडलेले जनावर आहे, उघड्या माळावर दव झेलत बसण्यासाठी नव्हे. त्याच जातीतील लांब केसांचे पश्मी त्यामानाने थोडे सुखी.

आपल्याकडची थंडी फसवी असते. दुपारी ऊन चटके देते, म्हणून कुत्रे सावलीत धापा टाकताना दिसते आणि आपल्याला वाटते, याला कुठली थंडी. पण निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांच्याही खाली गेल्याचे आपण वर्तमानपत्रात अनेकदा वाचले आहे. ज्या पहाटे द्राक्षबागायतदार घड वाचवण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवतो, त्याच पहाटे त्याचे कुत्रे बांधावर ओल्या मातीवर पोट टेकून पडलेले असते. वाऱ्यापेक्षाही ही खालची जमीन अंगातली ऊब जास्त ओढून घेते. लहान पिल्ले, दात पडलेली म्हातारी कुत्री, नुकतीच व्यालेली मादी आणि खंगलेले जनावर यांना ते सोसत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे पहाटे आखडतात. ते उठायला आळस करते म्हणून त्यास लाथ बसते. तो आळस नसतो, दुखणे असते.

आधी कोरडे, मग उबदार

जुने स्वेटर, फाटके लुगडे, गोणपाट असे काहीतरी टाकून आपण मोकळे होतो. इरादा चांगला, पण कापड आणि गोणपाट ओल धरतात. दव पडले, कुत्रे ओल्या पायांनी येऊन बसले, की चार दिवसांत त्या अंथरुणाला कुबट वास येतो आणि त्यात पिसवा होतात. त्यापेक्षा गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा केव्हाही चांगला. त्यातून ओल खाली निथळते, आत हवा राहते आणि जनावर स्वतःच त्यात खळगा करून बसते. वीतभर जाड थर द्यावा, तो दाबला गेला की वर नवीन टाकावा आणि आठ-दहा दिवसांनी सगळाच बदलावा. काढलेला पेंढा उकिरड्यात जातोच, वाया काही जात नाही. घरात जुनी घोंगडी असेल तर तिचा तुकडा मात्र जरूर द्यावा. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. धनगर बांधव मेंढ्यांच्या वाघरीशेजारी घोंगडी पांघरून उघड्यावर रात्र काढतो, तो काही उगीच नव्हे.

घर कसे करावे? तळ गेलेली जुनी कणगी अजून कोणाकडे पडून असेल तर ती फेकू नये. तिच्यासारखे कुत्र्याचे घर विकत मिळणार नाही. ती आडवी करावी, आतून-बाहेरून शेण-मातीने लिंपावी, मागचे तोंड फळकुटाने बंद करावे आणि पुढच्या तोंडावर वरून अर्ध्यापर्यंत गोणपाट सोडावे. खाली विटांवर फळ्या टाकून ती जमिनीपासून टीचभर उचलावी. तोंड पूर्वेला किंवा दक्षिणेला करावे, म्हणजे उत्तरेचा वारा पाठीवर जातो आणि सकाळचे पहिले ऊन आत येते. कणगी नसेल तर द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या लाकडी पेट्या ठोकून तेच काम होते. पत्र्याचे पिंप आडवे करून त्यात कुत्रे ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी पाहिली. पत्रा रात्री थंड पडतो, आतून त्याला घाम सुटतो आणि ते पाणी कुत्र्याच्याच अंगावर ठिबकते. पिंपच वापरायचे तर वरून पेंढ्याचा जाड थर बांधावा आणि आतही पेंढा भरावा. ज्या पिंपात कीटकनाशक येऊन गेले आहे, ते मात्र कितीही धुतले तरी वापरू नये.

आणखी एक. हौसेने मोठे घर बांधू नये. कुत्र्याला उभे राहता आले, वळता आले, अंग टाकता आले की पुरे. ते घर त्याच्याच अंगाच्या उबेने तापायचे असते. मोठ्या वाड्यात एकटा माणूस कुडकुडतो, तसे त्याचे होते.

साखळी आणि बिबट्या

नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांतील ऊसपट्ट्यात ह्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, सिन्नर, निफाड येथील वाचकांना ती सांगायची गरज नाही. बिबट्या उसात राहतो, तिथेच वितो. हिवाळ्यात तोड सुरू झाली की त्याचा आडोसा फडाफडाने कमी होतो आणि तो वस्तीकडे सरकतो. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाद्य काय, याचा शास्त्रीय अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या एकूण खाद्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव व गावातल्या कुत्र्यांचा निघाला. मांजरांचाही वाटा लहान नव्हता. शेळ्यांचा क्रमांक त्यानंतरचा.

म्हणजे ज्या कुत्र्याच्या भरवशावर आपण झोपतो, ते बिबट्याच्या दृष्टीने ताटात वाढून ठेवलेले असते. मोकळे कुत्रे निदान पळते, ओसरीवर चढते, आडोसा शोधते. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला वाऱ्यापासूनही हलता येत नाही आणि बिबट्यापासूनही नाही. सिन्नर तालुक्यातील एका वस्तीवर मी सकाळी गेलो, तेव्हा विहिरीजवळच्या इंजिन-खोलीपाशी मोकळी साखळी आणि तुटलेला पट्टा एवढेच राहिले होते. घरधनी मला म्हणाला, "साहेब, रात्री दोनदा केकाटलं. थंडी फार होती, म्हणून उठलो नाही." त्याचा धाकटा मुलगा तो पट्टा हातात घेऊन उभा होता. मी ठिबकच्या अनुदानाचे कागद घेऊन गेलो होतो, ते त्या दिवशी पिशवीतून काढलेच नाहीत.

म्हणून अशा भागात कुत्र्याचे घर रात्री बंद होणारे हवे. वर सांगितलेली कणगी उघड्या खळ्यावर न ठेवता गोठ्यात ठेवावी. गोठ्याला चारी बाजूंनी मजबूत जाळी आणि वर छप्पर हवे, दाराला कडी हवी. जनावरांच्या श्वासाने आणि अंगाने गोठा रात्री बाहेरच्यापेक्षा उबदार राहतो, हा वरचा लाभ. "कुत्रं आत कोंडलं तर राखण कोण करील?" असे विचारले जाते. कुत्र्याची राखण त्याच्या कानांत आणि नाकात असते. ते आतून भुंकले तरी आपल्याला जाग येते आणि चोर बिथरतो. गोठा बंद करताना एवढेच पाहावे की छताजवळून हवा खेळती राहील. सगळी भोके बुजवली तर मुताचा उग्र वास कोंडतो आणि गुरांपासून कुत्र्यापर्यंत सर्वांना खोकला लागतो.

ह्याच ओघात एक इशारा. ऊब यावी म्हणून घमेल्यात निखारे घेऊन ते बंद खोलीत किंवा गोठ्यात ठेवू नयेत. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो, जनावराचा जातो तसाच माणसाचाही. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात.

कार्तिकातली पिल्ले

भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे आपल्या बोलीत म्हणीसारखे रुळले आहे. त्यापुढचा हिशेब मात्र कोणी करीत नाही. कुत्रीचा गाभण काळ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे पिल्ले येतात ती कार्तिक-मार्गशीर्षात, नेमकी थंडीच्या तोंडावर. कडब्याच्या गंजीखाली सात-आठ पिल्ले होतात आणि पंधरा दिवसांत दोन-तीन उरतात. आपण म्हणतो, कुत्रीला दूध नव्हते. पुष्कळदा दूध असते, ऊब नसते.

नवजात पिल्लाला पहिले दोन आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. त्याला कुडकुडताही येत नाही. डोळे उघडतात तेच दहा ते चौदा दिवसांनी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेचे तापमान ३० ते ३२ अंश सेल्सिअस लागते. आई जवळ असते तोवर ते तिच्या पोटाशी मिळते. ती खायला उठली आणि पिल्लू बाजूला सरकले, की अर्ध्या तासात ते गार पडते. त्यासाठी काठ असलेले खोके किंवा पाटी घ्यावी, म्हणजे पिल्ले एकत्र राहतात. आत पेंढा बारीक करून घालावा. पूर्वी वर साठचा बल्ब टांगला की काम होई. आता घरोघर एलईडी दिवे आले. त्यांचा उजेड चांगला, पण त्यांना म्हणावी तशी ऊब नसते. कोंबड्यांच्या पिल्लांना लावतात तसला बल्ब कुक्कुटपालनाच्या दुकानात मिळतो, तो पाटीच्या एका कडेला हात-दीड हात उंचीवर पक्का बांधावा, म्हणजे ज्याला गरम होईल त्या पिल्लाला दुसऱ्या कडेला सरकता येईल. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. पिल्ले एकावर एक चढून किंकाळत असतील तर थंडी वाजते आहे. पांगून पसरली असतील तर उकडते आहे. थर्मामीटरपेक्षा ही खूण सोपी.

गारठलेले पिल्लू सापडले, की घरातली मायमाउली आधी दुधाची वाटी आणते. इथे थांबावे. अंग गार असताना पोटातले दूध पचत नाही आणि गिळता न आल्याने ते श्वासनळीत जाण्याचे भय असते. आधी पिल्लाला कोरडे करावे आणि पदराखाली अंगाशी धरून हळूहळू, तासाभरात, ऊब आणावी. जाळाजवळ धरू नये. ते तोंडाने चोखू लागले की मग दूध. आई मेली असेल तर गाईचे दूध पाणी घालून पाजण्याची चाल आहे, ती सोडावी. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात, म्हणजे त्यात पाणी घालणे सर्वस्वी उलटे. पशुवैद्य भेटेपर्यंत म्हशीचे निरसे दूध कोमट करून, त्यात थोडा अंड्याचा बलक फेटून, थोडे थोडे आणि पुष्कळ वेळा पाजावे. पाजताना पिल्लू पालथे धरावे, तान्ह्या मुलासारखे उताणे नव्हे.

पोटफुगी आणि केस विस्कटलेली पिल्ले जंतांनी मरतात, थंडी ही निमित्तमात्र. जंतांचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करावे लागते, हे पुष्कळांना माहीत नसते.

ताटातले काय द्यावे

थंडीत उघड्यावर काम करणाऱ्या कुत्र्याला रोजच्यापेक्षा साधारण चतकोर जास्त अन्न लागते. त्याला शिळी भाकरी आणि पाणीदार ताक एवढ्यावर ठेवले तर फासळ्या दिसणारच. भाकरी द्यावी, पण वरणात किंवा मटणाच्या अळणी पाण्यात कुस्करून. आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेले अंडे, मिळेल तेथे सुकट नव्हे तर ताजी मासळी, कोंबडीचे टाकाऊ मांस उकडून, असे काही द्यावे. सुकटीत मीठ फार. मुख्य जेवण संध्याकाळी द्यावे, म्हणजे पचनाची ऊब रात्री उपयोगी पडते. शिजवलेल्या कोंबडीची हाडे देऊ नयेत, ती फुटून सुईसारखी होतात.

मांजराची गोष्ट वेगळी. मांजर दूध-भाकरीवर जगते हा आपला समज आहे. ते जगते ते उंदरांवर. दूध-भाकरी हा वरचा उपचार. मांसात असणारे टॉरिन नावाचे द्रव्य मिळाले नाही तर मांजराची दृष्टी जाते, हृदय कमजोर होते. उंदीर मारणाऱ्या मांजराला ते आपसूक मिळते. घरात कोंडून पाळलेल्या, निव्वळ शाकाहारी घरातील मांजराला निदान अंडे आणि बाजारात मिळणारे मांजराचे खाद्य तरी द्यावे. त्यात धर्म बुडत नाही.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि कुत्र्यालाही त्यातला घास मानाने घातला जातो. फार चांगली चाल आहे. त्या दिवशी चातुर्मासाचा कांदा-लसूणही सुटतो आणि भरितात तो सढळ पडतो. रोडगा आणि गूळ-तूप खुशाल द्यावे, भरीत मात्र शास्त्रापुरते. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. कांदा पिकवणाऱ्या लासलगावच्या परिसरात हे कोणाला पटत नाही, पण ते खरे आहे. तसेच द्राक्ष आणि बेदाण्याचे. कुत्र्याने ते खाल्ले तर त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सगळ्यांचे होत नाही, पण कोणाचे होईल हे आधी सांगता येत नाही. बेदाण्याच्या शेडवर कुत्रे मोकळे सोडू नये.

आणि पाणी. थंडीत दोन्ही जनावरे पाणी कमी पितात. बोक्याच्या बाबतीत हे जिवावर बेतते. लघवी घट्ट होते, खडे धरतात आणि वाट बंद होते. बोका पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, लघवी होत नाही. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ झाले. दोन दिवसांत तो मरतो. असे दिसले तर त्याच दिवशी, वाट न पाहता दवाखाना गाठावा. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी ठेवले तर ती वेळ बहुधा येत नाही.

चूल, बॉनेट आणि कडबाकुट्टी

मांजर ऊब शोधते आणि ऊब असते तेथेच धोका असतो. विझलेल्या चुलीच्या राखेत, वैलाच्या मागे ते रात्रभर झोपते. पहाटे अंधारात चूल पेटवण्याआधी फुंकणीने राख दोनदा हलवावी. राखेखाली निखारा राहिला असेल तर पंजे पोळतात, म्हणून निजण्यापूर्वी चुलीवर तवा किंवा पत्रा झाकावा आणि मांजराला चुलीशेजारी पेंढा घातलेली एक पाटी द्यावी. दोन-चार रात्रींत ते तिकडे जाते. ट्रॅक्टर, जीप रात्री उशिरा घरी आली की इंजिन गरम असते आणि मांजर खालून बॉनेटमध्ये शिरते. सकाळी चावी फिरवण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात आणि क्षणभर थांबावे. कडबाकुट्टीत पेंढी लावताना, गंजीतून आकडीने कडबा ओढताना आत पिल्ले नाहीत ना, हे पाहावे. हे सारे लिहायला मिनिट लागते, करायला त्याहून कमी.

रब्बीचे विष

गहू-हरभरा वर आला की उंदरांचा बंदोबस्त सुरू होतो. तो केलाच पाहिजे, मीच तो सांगत फिरतो. पण झिंक फॉस्फाईडचे आमिष उघड्यावर टाकू नये. ते चालू बिळात खोल घालून बीळ बुजवावे. आमिष टाकल्यापासून चार दिवस मांजर घरात आणि कुत्रे बांधलेले ठेवावे. मेलेले उंदीर रोज सकाळी काठीने गोळा करून खोल पुरावेत. ह्या विषाला उतारा नाही. कुत्र्याने खाल्ल्याचा संशय आला तर दूध, भात, काही म्हणजे काही देऊ नये. अन्नाने पोटातील आम्ल वाढते आणि विषारी वायू अधिक सुटतो. तसेच उचलून दवाखान्यात न्यावे. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचे विष सावकाश चढते. चार-पाच दिवसांनी हिरड्यांतून, नाकातून रक्त येते. त्याला जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, पण वेळेत गेले तरच. विषाची पुडी किंवा वेष्टन बरोबर न्यावे.

आपली औषधे आपल्याला

घरात कोणाला सर्दी-ताप असतो, डब्यात गोळी असते, मांजरही शिंकत असते. दया येते आणि अर्धी गोळी दुधात जाते. पॅरासिटामॉल ही तापाची गोळी मांजराला विष आहे. एक गोळी जीव घेण्यास पुरते. गुडघेदुखीच्या गोळ्या कुत्र्याच्या आतड्यांना आणि मूत्रपिंडांना घातक. बाम, कापूर, निलगिरीचे तेल मांजराला चोळू नये. ते अंग चाटते आणि सगळे पोटात जाते. गुरांच्या गोचिडांवरचे फवारे मांजरावर कधीही मारू नयेत. त्यांतील पुष्कळ द्रव्ये मांजराच्या शरीराला जिरवता येत नाहीत. खरजेवर जळके ऑइल लावण्याचा उपाय तर इतका रूढ आहे की तो सांगणाऱ्याशी वाद घालणे मी सोडले आहे. कुत्र्याची कातडी त्याने भाजते आणि चाटून ते आजारी पडते, एवढेच लिहून ठेवतो.

नाक कोरडे म्हणजे ताप, ह्या समजालाही अर्थ नाही. कुत्र्याच्या अंगाची ऊब मुळात आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. हाताला गरम लागले म्हणून ताप ठरत नाही. खाणे सोडणे, डोळ्यांना-नाकाला घट्ट पू येणे, रक्ताची हगवण, झटके, ही खरी लक्षणे. पिल्लांतील डिस्टेंपर आणि पार्व्हो ह्या दोन्ही रोगांवर लस आहे. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करतात आणि पशुवैद्य सांगतील त्या अंतराने पुन्हा टोचून घ्यावी लागते. पार्व्होचे विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून एक पिल्लू त्या रोगाने गेले की त्याच जागी लगेच दुसरे आणून बांधू नये.

पिसाळण्याच्या रोगाचे, रेबीजचे, थंडीशी थेट नाते नाही. पण माजाच्या हंगामातील भांडणे नुकतीच संपलेली असतात, उसाच्या फडात कोल्हे हिंडत असतात, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर परगावची कुत्री येतात आणि सगळी शेकोटीभोवती एकत्र जमतात. लहान मुले त्यांना कुशीत घेऊन झोपतात. म्हणून दिवाळीच्या आसपास लस टोचून घेण्याची सवय लावावी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस, पुढे पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे आणि दरवर्षी. मांजरालाही द्यावी. आपल्या बांधावर कोप्या पडल्या असतील तर टोळीच्या मुकादमाशी बोलून त्यांच्याही कुत्र्यांना त्याच दिवशी लस मिळेल असे पाहावे. दवाखान्याशी आधी बोलल्यास ते अवघड जात नाही. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी आणि ती पुरी करावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही.

अंघोळीविषयी विचारणा होते. थंडीत कुत्र्याला अंघोळ घालू नये. शेणात लोळून आलेच तर भर दुपारी कोमट पाण्याने धुवावे आणि ऊन असेतो कोरडे करावे. एरवी खरारा पुरे.

होळीच्या सुमारास रात्री ऊबदार होऊ लागल्या की कणगीतला सगळा पेंढा बाहेर काढून लांब नेऊन जाळून टाकावा, तो उकिरड्यात टाकू नये. हिवाळाभर गोचिडांनी भिंतीच्या फटींत आणि कुडाच्या सांध्यांत अंडी घातलेली असतात आणि ऊन तापले की ती फुटतात. त्या फटी शेण-मातीने पुन्हा लिंपून बुजवाव्यात, जमीन खरवडून घ्यावी आणि कणगी आठ-पंधरा दिवस कडक उन्हात उलटी टाकून ठेवावी.